दिसायला सारखे, तरी प्रजाती वेगळ्या: बिळातल्या उंदरांचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी प्रजाती तयार व्हायला दोन गटांच्या मध्ये डोंगर, नदी, समुद्र असं काहीतरी आडवं यावं लागतं, असं आपण शिकतो. मग सलग जमिनीत बिळं करून राहणाऱ्या, बाहेरून सगळे सारखेच दिसणाऱ्या उंदरांमध्ये इतक्या प्रजाती कुठून आल्या? गुणसूत्रांची संख्या बदलली की प्रजाती बदलते, हे खरं का? आणि आपल्याकडे असं काही घडतंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. नाही, नुसती संख्या बदलल्याने प्रजाती बदलत नाही. माझं सगळं काम उंदरांच्या गुणसूत्रांवर झालं आहे, त्यामुळे गुणसूत्रांचं महत्त्व कमी करण्यात मला काडीचाही रस नाही. पण बिळातल्या उंदरांच्या बाबतीत पहिलं कारण गुणसूत्र नाही, त्यांचं घरकोंबडेपण आहे. हा प्राणी जन्मतो तिथून फार लांब जातच नाही. बाकीच्या गोष्टी, गुणसूत्रांसकट, त्यामागून येतात.

आधी ‘बिळात राहणारा’ म्हणजे काय ते ठरवू. शेतातली घूस बिळात राहते, पण रात्री बाहेर पडून फिरते, धान्याच्या लोंब्या तोडून आत नेते आणि बिळाचं तोंड ताज्या मातीने लिंपून घेते. ज्याला बीळ वाचता येतं तो माणूस ओल्या मातीचं ते बूच बघून घूस आत आहे की नाही, हे सांगतो. कातकऱ्यांइतकं अचूक हे सांगणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही, आमच्या क्षेत्रातले डॉक्टरेटवालेही नाहीत. कृषी खात्याच्या जुन्या पुस्तिकांमध्ये या घुशीलाही ‘मोल रॅट’ म्हटलेलं सापडेल. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते खरे मोल रॅट मात्र वेगळ्या कुळातले आहेत आणि ते जवळजवळ अख्खं आयुष्य जमिनीखाली काढतात. खाणं, साठवण, बाळंतपण, भांडण, सगळं आतच. प्रजातींची खरी रेलचेल अशाच प्राण्यांत दिसते. दक्षिण अमेरिकेतले टुको-टुको, उत्तर अमेरिकेतले पॉकेट गोफर, आफ्रिकेतले मोल रॅट, मध्य आशियातले एलोबियस आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे आंधळे मोल रॅट म्हणजे स्पॅलॅक्स, हे सगळे वेगवेगळ्या पूर्वजांपासून स्वतंत्रपणे जमिनीखाली गेले आणि बहुतेक ठिकाणी तोच प्रकार झाला. एका घराण्यात झाला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता.

मी स्पॅलॅक्स धरून चालतो, कारण त्याच्यावरचं काम सगळ्यात नीट आणि सगळ्यात दीर्घ आहे. इस्रायलमध्ये एव्हिएतार नेवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एका प्राण्यामागे अर्धशतकाहून जास्त काळ घालवला.

प्राणी हातात घेतला तर पहिल्यांदा माणूस गोंधळतो की तोंड कुठलं आणि मागचं टोक कुठलं. शेपूट बाहेरून दिसत नाही, कानाची पाळी नाही. डोळे आहेत, पण एक मिलिमीटरहूनही लहान आणि पूर्ण कातडीखाली गाडलेले. त्या डोळ्यांना चित्र दिसत नाही. दिवस लहान की मोठा एवढं मात्र कळतं, आणि विणीचा हंगाम ठरवायला तेवढं पुरतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना राठ केसांची एक रेघ असते. वजन साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम. हा पंज्याने नाही, दाताने खणतो. समोरचे मोठे दात ओठांच्या बाहेर असतात आणि ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणजे खणताना तोंडात माती जात नाही. सुटलेली माती डोक्याने ढकलायची, बोगद्याच्या छताला दाबून बसवायची, उरलेली वर लोटून ढीग करायचा.

हे काम शरीराला भयंकर महाग पडतं. जमिनीवरचा उंदीर शंभर मीटर सहज पळत जातो. याला तेवढंच अंतर दाताने कोरत जावं लागतं. म्हणून प्रत्येक जनावर आपल्या बोगद्यांचं जाळं जिवापाड सांभाळतं. नर असो की मादी, एका जाळ्यात एकच. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर एकाचा जीव जाण्याची वेळ येते. हिवाळ्यातल्या पावसाने माती मऊ झाली की विणीचा हंगाम येतो, तेवढ्यापुरते नर शेजारच्या मादीच्या बोगद्यापर्यंत खणत जातात. पिल्लं काही आठवड्यांत आईच्या घरातून बाहेर पडतात आणि बहुतेक जवळपासच आपलं जाळं सुरू करतात. काही पिल्लं जमिनीवरून लांबचा प्रवास करून बघतात, आणि त्यातली बरीच कुठे पोचतात ते घुबडांच्या ओकलेल्या गोळ्यांमधल्या कवट्यांवरून कळतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे या. आडवा डोंगर कशाला हवा? मध्ये खडकाळ पट्टा आला, पावसाळ्यात पाणी भरणारा सखल भाग आला, की या प्राण्याची वस्ती तुटते. वरून आपल्याला सलग वाटणारी जमीन त्याच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्यात थोडी जनावरं, त्यांच्यातच सोयरिकी, पिढ्यान्‌पिढ्या. अशा लहान वस्तीत जनुकांचं नशीब निवडीपेक्षा योगायोगावर जास्त चालतं. मोठ्या लोकसंख्येत जो बदल दोन-चार पिढ्यांत पुसला गेला असता, तो इथे टिकतो, पसरतो, आणि कधीकधी सगळ्यांच्यात येऊन बसतो.

यातच गुणसूत्रांचा प्रवेश होतो.

मोजणी कशी करतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या आकड्यांना काहीतरी वजन येईल. प्राण्याला आधी कोल्चिसिन टोचतात. विभाजन होत असलेल्या पेशी त्याने मधल्या अवस्थेत अडकून पडतात. मग मांडीच्या हाडातला मगज धुवून काढायचा, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात ठेवून पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ऍसिटिक ऍसिड यांच्या मिश्रणात पक्क्या करायच्या, आणि गार काचपट्टीवर थोड्या उंचीवरून थेंब सोडायचा. पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात, गीम्साने रंगवली की मोजायला तयार. उंची कमी पडली तर गुणसूत्रं एकमेकांवर चढतात, जास्त झाली तर एका पेशीतली दुसरीत मिसळतात. एका चांगल्या पेशीसाठी काचपट्टीवर बराच वेळ शोधत बसावं लागतं, आणि एका पेशीवर कधीच विश्वास ठेवायचा नसतो.

इस्रायलमधल्या या स्पॅलॅक्सला शास्त्रीय नाव मिळालं १८९८ मध्ये, जाफाच्या नमुन्यावरून, आणि नंतर कितीतरी वर्षं या सगळ्या भागातला मोल रॅट म्हणजे एकच प्रजाती, हे गृहीत होतं. १९६९ मध्ये वाहरमान, गोइटाइन आणि नेवो यांनी गुणसूत्रं मोजून दाखवलं की इस्रायलसारख्या चिमुकल्या देशात त्याचे चार प्रकार आहेत. उत्तर गॅलिलीत ५२ गुणसूत्रं, गोलान पठारावर ५४, मध्य भागात कार्मेलच्या बाजूला ५८, आणि दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटाच्या कडेपर्यंत ६०. नकाशावर हे आकडे मांडले की ते पावसाच्या नकाशावर बसतात. वर थंड आणि ओलं, गोलानला थंड पण थोडं कोरडं, मध्ये उष्ण आणि ओलं, खाली उष्ण आणि कोरडं. २००१ मध्ये नेवो आणि सहकाऱ्यांनी या चौघांना स्वतंत्र प्रजातींची नावं दिली: गलिली, गोलानी, कार्मेली आणि जुडाई. सगळ्या वर्गीकरणतज्ज्ञांनी ती लगेच मानली नाहीत. काही याद्यांमध्ये हे सगळे बराच काळ एकाच नावाखाली राहिले. त्या वादात मला फारसा रस नाही. नावं चार ठेवा की एक, प्राणी एकमेकांशी कसे वागतात ते त्याने बदलत नाही.

आणि ते कसे वागतात हे बघण्याची जागा म्हणजे त्यांच्या सरहद्दी. दोन प्रकार जिथे भेटतात तिथे संकर होतात, म्हणजे संबंध पूर्ण तुटलेला नाही. पण संकरांचा पट्टा काही ठिकाणी जेमतेम काहीशे मीटरचा, रुंदात रुंद सुमारे तीन किलोमीटरचा. संकर मजबूत आणि सुपीक असते तर हा पट्टा हजारो पिढ्यांत पसरत गेला असता आणि दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळून गेले असते. तो पसरत नाही याचा अर्थ संकर कुठेतरी मार खातात. कमी पिल्लं होत असतील, दोन्हीकडच्या हवामानात कच्चे ठरत असतील, शेजाऱ्यांशी भांडणात हरत असतील. पट्टा अरुंद राहणं हा मला कुठल्याही जनुकीय आकडेवारीपेक्षा जास्त पटणारा पुरावा वाटतो, कारण तो प्राण्यांनी स्वतः जमिनीवर आखून दिलेला आहे.

संकर का मार खातात, याचं शुद्ध गुणसूत्री उत्तर असं: उंदरांमध्ये संख्या बदलते ती बहुतेकदा दोन टोकदार गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक लांब गुणसूत्र झाल्याने, किंवा उलट, लांबाचे दोन तुकडे झाल्याने. आगगाडीचे दोन डबे कायमचे जोडले तर डब्यांची मोजणी एकाने कमी होते, पण आतले प्रवासी तेवढेच राहतात. तसंच इथे जनुकं तीच, मांडणी वेगळी. एका पालकाकडून जोडलेलं आणि दुसऱ्याकडून सुटं आलं, की अंडं किंवा शुक्रपेशी तयार होताना जोड्या लावायला अडचण येते. दोनाऐवजी तिघांची साखळी होते. साखळी नीट सुटली नाही तर काही पेशींत गुणसूत्र जास्त जातं, काहींत कमी, आणि त्यातून होणारे गर्भ टिकत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या एम. जे. डी. व्हाइट यांनी यावरून १९६० आणि ७० च्या दशकात मोठा सिद्धांत उभा केला: गुणसूत्राची नवी मांडणी हीच नव्या प्रजातीची सुरुवात. सिद्धांत देखणा होता आणि बिळातले उंदीर त्याच्या उदाहरणांपैकी एक. पण त्यात एक मेख आहे, आणि ती तुम्हीही पकडू शकाल. नवी मांडणी पहिल्यांदा एकाच प्राण्यात येते. त्याचा जोडीदार जुन्या मांडणीचा. म्हणजे पहिली पिढी सगळी मिश्र, आणि मिश्र पिढीला जर खरोखरच वांझपणाचा जबर तोटा होत असेल, तर नवी मांडणी पसरणारच कशी? ती तिथल्या तिथे संपेल. आणि तोटा फारच किरकोळ असेल, तर ती पसरेल, पण मग ती दोन गटांना वेगळं काय ठेवणार? दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात, आणि त्या एकमेकींच्या विरोधात आहेत.

या पेचातून सुटायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे पुन्हा तीच लहान वस्ती. दहा-वीस जनावरांच्या तुटक वस्तीत भावंडांची लग्नं होतात, आणि दोन्ही बाजूंनी नवी मांडणी मिळालेलं पिल्लू लवकर जन्मतं. त्याला काहीच अडचण नसते. थोडं तोट्याचं असूनही नवं टिकून जाण्याची शक्यता अशा ठिकाणी खरीखुरी असते. दुसरी वाट जास्त रंजक. दोन वेगळ्या वस्त्यांत वेगवेगळी गुणसूत्रं चिकटतात. समजा, एका ठिकाणी पहिलं आणि दुसरं जोडलं, दुसऱ्या ठिकाणी दुसरं आणि तिसरं. आपापल्या वस्तीत प्रत्येकाचा तोटा मामुली. पण या दोन वस्त्या भेटल्या तर संकरामध्ये एकच गुणसूत्र, इथे दुसरं, दोन्ही जोडांत वाटलेलं असतं, आणि साध्या तिघांच्या साखळीऐवजी लांबलचक साखळ्या नाहीतर कडी तयार होतात. तिथे मात्र वांझपण पक्कं. कुणालाच वाटेत खड्डा लागला नाही, तरी दोघांच्या मध्ये दरी तयार. हा विचार बेकर आणि बिकहॅम यांनी १९८६ मध्ये मांडला, आणि संशोधक घरातल्या उंदराच्या युरोपातल्या वेगवेगळ्या वस्त्यांना तो लावून बघतात ते योग्यच आहे.

पण सगळीकडे असंच असतं असं समजू नका. टुको-टुको बघा. हे दक्षिण अमेरिकेतले गिनीपिगाच्या दूरच्या नात्यातले बीळकरी. साठाहून जास्त प्रजाती, आणि गुणसूत्रं बोलिव्हियातल्या एका प्रजातीत १० पासून इतरत्र ७० पर्यंत. आकडे बघून कुणालाही वाटेल की हा गुणसूत्रांनीच घडवलेला पसारा आहे. प्रत्यक्षात दक्षिण ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांच्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्या एकाच प्रजातीत संख्या जागोजाग बदलत जाते, आणि शेजारचे प्रकार जिथे भेटतात तिथे संकर बिनतक्रार नांदतात. त्याच्याही पुढे मध्य आशियातले एलोबियस. ताजिकिस्तानात पामीर-अलायच्या एका नदीखोऱ्यात एकाच रूपाच्या एलोबियसमध्ये सुमारे ३० पासून ५४ पर्यंत संख्या सापडली आहे, आणि त्याच गोत्रातल्या एका प्रजातीत तर नर आणि मादी दोघांचीही संख्या १७, एरवी नर ठरवणारं वाय गुणसूत्र गायबच. तरीही नर होतात, मादी होतात, वंश चाललेला आहे. गुणसूत्रांच्या मांडणीचं आपण जेवढं सोवळं मानतो तेवढं हे प्राणी मानत नाहीत.

टुको-टुकोवरून आठवलं. डार्विन बीगल जहाजावर असताना उरुग्वेतल्या मालदोनादोजवळ त्याला हा प्राणी भेटला. बरेच टुको-टुको आंधळे असतात असं तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं, आणि त्याच्याकडचा एक नमुना होताही तसा. त्यावर त्याने लिहिलं की जमिनीखालच्या आंधळ्या ‘अस्पॅलॅक्स’चं अंधत्व हळूहळू आलं असावं अशी कल्पना लढवणाऱ्या लामार्कला हे कळलं असतं तर मोठा आनंद झाला असता. अस्पॅलॅक्स म्हणजे आपला हाच स्पॅलॅक्स. जगाच्या दोन टोकांचे हे दोन उंदीर एका वाक्यात पहिल्यांदा तेव्हाच आले असावेत.

मग इस्रायलमधल्या चौघांना वेगळं ठेवतं काय? गुणसूत्रं थोडंफार, पण मोठा वाटा जोडीदार निवडण्याचा. माजावर आलेल्या माद्यांपुढे आपल्या आणि परक्या प्रकारचे नर ठेवले तर ५२, ५४ आणि ५८ च्या माद्या आपलाच नर जवळ करतात. सर्वांत अलीकडे वेगळ्या झालेल्या, ६० वाल्या माद्यांमध्ये ही निवड तितकी ठाम दिसली नाही. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष आहे. फारकत आधी झाली आणि आवडनिवड नंतर मुरत गेली, असा क्रम त्यातून डोकावतो. जो गट सर्वांत नवा, त्याची आवड अजून कच्ची.

डोळ्यांना चित्र न दिसणारा प्राणी निवड कशावरून करतो? वासावरून आणि आवाजावरून. प्रियाराधनाच्या वेळी नर हलक्या आवाजात घुरघुरतात, आणि चारही प्रकारांची ही घुरघुर वेगळी आहे, बोलीभाषेसारखी. लांबच्या शेजाऱ्याशी बोलायचं असेल तर डोकं बोगद्याच्या छतावर ठोकतात. मातीतून जाणारी ही धडधड शेजारच्या बोगद्यात खालचा जबडा भिंतीला टेकवून ऐकली जाते. हवेतला आवाज बोगद्यात फार लांब जात नाही. मातीतली कंपनं जातात.

हवामानाचा भागही विसरू नका. मुसळधार पावसानंतर जड मातीतल्या बोगद्यात ऑक्सिजन ७ टक्क्यांच्या आसपास उतरलेला आणि कार्बन डायऑक्साइड ६ टक्क्यांवर चढलेला मोजला गेला आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. प्रयोगशाळेत हा प्राणी ३ टक्के ऑक्सिजनवर कित्येक तास काढतो. उत्तरेकडचे, म्हणजे पाणी तुंबणाऱ्या मातीतले, यात दक्षिणेकडच्यांपेक्षा सरस. दक्षिणेकडच्यांचा चयापचय मंद, म्हणजे उष्ण आणि दुष्काळी जागेत अन्न आणि पाणी दोन्ही कमी लागतं. अशा दोघांचा संकर कुठल्याच टोकाला पूर्ण बसत नाही.

आता या विषयातलं मला सर्वांत भावणारं ठिकाण. उत्तर गॅलिलीत अल्माजवळ एक पठार आहे. तिथे खडूच्या दगडावरची फिकट माती आणि बसाल्टवरची काळी माती एकमेकींना चिकटून आहेत. मराठवाड्यात नाहीतर सोलापुराकडे वाढलेल्या माणसाला बसाल्टची काळी माती समजावून सांगायला नको: पाणी धरते, भेगाळते, पावसात चिखल होते. तिथल्या काळ्या मातीत कंदमुळं भरपूर. खडूच्या मातीत विरळ, म्हणजे पोट भरायला जास्त खणावं लागतं. दोन्हीकडे ५२ गुणसूत्रांचाच मोल रॅट. गुणसूत्रांत फरक नाही, मध्ये नदी नाही, भिंत नाही, आणि एका मातीतून दुसरीत जायला काही मीटर खणलं की झालं.

तरीही २०१३ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, डीएनएच्या आणि २०१५ मध्ये पूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात दिसलं की दोन्ही मातींमधले प्राणी वेगळे गट आहेत. फारकत दोन ते चार लाख वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला, आणि येणं-जाणं पूर्ण थांबलेलं नाही हेही. खडूवाल्यांमध्ये ज्या जनुकांवर निवडीचे ठसे सापडले त्यात ऊर्जेच्या वापराशी संबंधित बरीच आहेत, आणि तिथे किती खणावं लागतं ते पाहता यात नवल नाही. एकाच जागी, आडवं काहीही नसताना प्रजाती फुटते आहे, असा हे काम करणाऱ्या संशोधकांचा दावा आहे.

हा दावा मी निम्माच मान्य करतो. माती बदलल्याने दोन गट वेगळे राहताहेत, हे पटतं. पण ते फुटले तिथेच का, यावर माझं समाधान झालेलं नाही. हिमयुगांच्या चढउतारांत वस्त्या आक्रसल्या, तुटल्या आणि पुन्हा पसरल्या. दोन तुकडे आधी वेगळीकडे वाढून नंतर या पठारावर समोरासमोर आले असते तरी आज चित्र पुष्कळसं असंच दिसलं असतं. जनुकांतला फरक आज किती आहे हे मोजता येतं. तो कुठे उभं राहून पडला हे त्यावरून काढणं फार अवघड. पण समजा नंतर समोरासमोर आले असतील, तरी माझा मुद्दा उलट घट्टच होतो. काही मीटरवर शेजारी असून ते मिसळून एक झालेले नाहीत. घरकोंबड्या प्राण्याला मातीचा रंग बदलणं एवढंही पुरतं.

घरकोंबडेपणाचा आणखी एक पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून येतो, उवांकडून. अमेरिकेतल्या पॉकेट गोफरच्या केसांत राहणाऱ्या चावऱ्या उवा यजमान सोडून जगू शकत नाहीत. आईकडून पिल्लांकडे जातात, बस. गोफर एकटा राहतो, शेजाऱ्याला शिवू देत नाही, त्यामुळे उवांनाही परका गोफर भेटत नाही. मार्क हाफनर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गोफरचा आणि उवांचा वंशवृक्ष शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा दोघांच्या फांद्या बहुतांशी जुळल्या. गोफर फुटला की त्याच्या उवाही फुटल्या. उवांचा डीएनए मात्र गोफरपेक्षा कितीतरी वेगाने बदललेला, कारण त्यांच्या पिढ्या छोट्या. यजमान एकमेकांना किती कमी भेटतात हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं मोजमाप मला माहीत नाही.

राहिला प्रश्न सारखं दिसण्याचा. तो खरं तर प्रश्न नाही. बोगदा सगळीकडे सारखाच: गोल, काळोखा, अरुंद. त्यात मावायला आखूड पाय, दोन्ही दिशांनी चोपता येणारे केस, जाड मान, मजबूत दात लागतात. या चौकटीबाहेर कुणी गेला की त्याची वाट लागते. म्हणून निवड सगळ्यांना एकाच साच्यात दाबत राहते आणि फरक पडतात ते आपल्याला न दिसणाऱ्या जागी: वासात, आवाजात, रक्तात, गुणसूत्रांत. आपण डोळ्यांनी जगणारे, म्हणून आपल्याला ते सारखे वाटतात.

शेवटी आपल्याकडचं. आयुष्यभर जमिनीखाली राहणारा कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा प्राणी, महाराष्ट्रात नाही, त्यामुळे स्पॅलॅक्ससारखी गोष्ट इथे शोधू नका. पण अर्ध्या वाटेवरची उदाहरणं आहेत. शेताच्या बांधात छोटी बिळं करून राहणारा मस टेरिकलर नावाचा रानउंदीर घ्या. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे तीन गुणसूत्री प्रकार दाखवले. तिघांचीही संख्या ४०. फरक आहे तो काही गुणसूत्रांवर जमलेल्या, जवळजवळ जनुकं नसलेल्या भागांत. संख्या सारखी असूनही प्रकारांमधल्या संकर नरांत वांझपण आढळलं. संख्येच्या मागे लागणाऱ्यांना हे उदाहरण मी मुद्दाम देतो. आपल्या माळ्यावरचा काळा उंदीर दुसरं टोक दाखवतो: पूर्व आशियातल्या नातलगांत ४२ गुणसूत्रं, दक्षिण भारतातल्यांत ३८, श्रीलंकेत ४०. जपानच्या टोसिहिदे योसिदा यांनी हे जुळवून दाखवलं, आणि ४२ व ३८ यांच्या संकरांत वांझपणाचं प्रमाण मोठं असतं. तिथे संख्या बदलण्याला खरोखर अर्थ आहे.

आणि सिंहगड. १९७५ मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी गडाच्या पठारावरून मिलार्डिया कोंडाना ही नवी प्रजाती वर्णन केली. तो बिळात राहणारा, रात्री बाहेर पडणारा मऊ केसांचा उंदीर आहे. खालच्या शेतांमध्ये सर्रास सापडणारा त्याचा भाऊबंद मिलार्डिया मेल्टाडा आकाराने लहान. वर पठार, भोवती कडे, खाली वेगळी माती आणि वेगळा पाऊस. अशा ठिकाणी वेगळी प्रजाती सापडली याचं वर जे वाचलंत त्यानंतर आश्चर्य वाटायला नको. मात्र स्पॅलॅक्सवर जसं सरहद्दीवर उभं राहून काम झालं, तसं करायचं असेल तर गडाच्या उतारावर, जिथे पठाराची माती संपते आणि शेतं सुरू होतात, त्या पट्ट्यात दोन्ही उंदीर कुठवर येतात ते बिळागणिक नोंदवायला हवं. ऊतीचा नमुना घ्यायचा तर शेपटीच्या टोकाचा किंवा कानाचा छोटा तुकडा पुरतो, प्राणी मारावा लागत नाही. अशी प्रजाती धोक्यातली असल्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी आधी, पिंजरा नंतर.